अर्धे वर्गात, अर्धे घरी: साथीच्या काळात मिश्र अध्यापन कसं बसवावं

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ला महासाथ म्हटलं आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत १९०हून अधिक देशांतल्या शाळांना कुलूप लागलं. शाळा बंद करणं त्यामानाने सोपं होतं. अवघड काम पुढे आलं: शाळा उघडायची, पण सगळी मुलं एकदम वर्गात बसवायची नाहीत. काही मुलं समोर, काही घरी, अभ्यासक्रम एकच आणि शिक्षकही तेच. हे पहिल्यांदाच बसवायला निघालेल्या शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. या व्यवस्थेत सगळ्यांत दुर्मीळ काय असेल, तर मूल तुमच्या डोळ्यांसमोर असण्याचे तास. ते आठवड्याला दहा-बाराच मिळतात. आधी ऑनलाइनचं ॲप निवडून मग वेळापत्रकाकडे वळलात तर हे तास हजेरी, सूचना आणि वह्या तपासण्यात संपतात. म्हणून आधी या तासांत काय करायचं ते ठरवा, उरलेलं घराकडे द्या आणि ॲप सगळ्यांत शेवटी निवडा.

१. आधी खोली मोजा, मग घरं मोजा

‘अर्धा वर्ग’ म्हणजे पटसंख्येला दोनने भागणं, असं समजू नका. टेप घेऊन खोली मोजा. समजा खोली ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. फळ्यापुढे शिक्षकासाठी २ मीटर सोडले की ६ बाय ६ मीटर उरतात. दोन मुलांमध्ये किमान एक मीटर मोकळं राहावं यासाठी एका आसनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दीड मीटर धरा आणि भिंतीपासून अर्धा मीटर सोडा. चार ओळींत चार, अशा १६ जागा होतात. ३२ मुलांचा वर्ग दोन गटांत बसतो. ४५ मुलांचे तीनच गट करावे लागतात आणि मग प्रत्येक गटाचे वर्गातले दिवस तेवढे कमी होतात. हा हिशोब पालकसभेच्या आधी व्हायला हवा. दिलेले दिवस नंतर काढून घेतले की पालकांचा विश्वास जातो.

आता घरं. ‘घरी स्मार्टफोन आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ निरुपयोगी असतं. फोन असतो, पण तो सकाळी आठ ते रात्री आठ कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. म्हणून हे विचारा:

- फोन किंवा संगणक मुलाच्या हाती नेमका किती वाजता असतो?
- तोच फोन आणखी किती भावंडं वापरतात, आणि ती कोणत्या इयत्तेत आहेत?
- व्हिडिओ अडखळतो का? महिनाअखेरीला डेटा संपतो का?
- बसून लिहायला जागा आहे का?
- सूचना वाचून दाखवू शकेल असं मोठं माणूस दिवसा घरी असतं का?

ही पाहणी ऑनलाइन फॉर्मवर घेऊ नका. फॉर्म भरणारे म्हणजे ज्यांचं नेट चालतं तेच, त्यामुळे आकडे हमखास फसवे येतात. वर्गशिक्षकाने फोन करून विचारावं किंवा कागद घरी पाठवावा. उत्तरांवरून मुलांचे तीन रंग करा. हिरवा म्हणजे ठरल्या वेळी थेट तासाला येऊ शकणारं मूल. पिवळा म्हणजे फक्त संध्याकाळी, पाठवलेलं साहित्य पाहू शकणारं. लाल म्हणजे कागदाशिवाय काहीच न पोचणारं. घरचा सगळा पाठ पिवळ्या मुलाला धरून आखा, लाल मुलासाठी त्याचीच कागदी प्रत काढा, आणि थेट तास म्हणजे वरचा फायदा समजा. हिरव्या मुलाला धरून आखलेली व्यवस्था दुसऱ्याच आठवड्यात निम्म्या वर्गाला मागे टाकते.

२. गट कसे पाडायचे आणि कोणी कधी यायचं

हजेरी क्रमांकाने गट पाडू नका. ही चूक फार ठिकाणी होते आणि ती नंतर निस्तरणं कठीण असतं. एका घरची दोन मुलं वेगवेगळ्या गटांत गेली की घरात रोज कोणी ना कोणी शाळेतून येतं. मग गट वेगळे ठेवण्याचा उपयोग राहत नाही आणि पालकांची ने-आणही दुप्पट होते. पूर्ण शाळेची यादी घराप्रमाणे लावा, भावंडांना आधी एका गटात बसवा, मग बाकीच्यांनी संख्या जुळवा. लाल रंगाची मुलंही दोन्ही गटांत सारखी वाटली गेली आहेत ना ते बघा.

येण्याचे दिवस ठरवण्याचे दोन मार्ग व्यवहारात टिकतात.

लहान मुलांसाठी, साधारण दहा वर्षांपर्यंत, दर आठवड्याला सलग दोन दिवस. अ गट सोमवार-मंगळवार, ब गट गुरुवार-शुक्रवार. बुधवारी वर्ग रिकामा: त्या दिवशी फोन, तपासणी आणि पुढच्या आठवड्याची तयारी. एक दिवसाआड बोलावण्यापेक्षा सलग दोन दिवस बरे, कारण पहिल्या दिवशी शिकवलेलं दुसऱ्या दिवशी लगेच पक्कं करता येतं.

मोठ्या मुलांसाठी लांब चक्र चालतं. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये चार दिवस बाहेर आणि दहा दिवस घरी असं चौदा दिवसांचं चक्र सुचवलं होतं. त्यामागचा विचार असा: संसर्ग झाल्यावर पहिले सुमारे तीन दिवस माणूस सहसा तो दुसऱ्याला देत नाही. म्हणजे शाळेच्या चार दिवसांत लागण झालेलं मूल संसर्गजन्य होईपर्यंत बहुधा घरी पोचलेलं असतं. साथीच्या दृष्टीने हे चक्र चांगलं. पण सहा वर्षांच्या मुलाला दहा दिवस अक्षरओळखीपासून लांब ठेवलं तर परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, म्हणून खालच्या इयत्तांना ते लावू नका.

दिवसाला सहा तासिका धरल्या तर दोन दिवसांच्या बारा होतात. त्यांची एक चालणारी वाटणी अशी: गणित ३, पहिली भाषा ३, दुसरी भाषा २, विज्ञान २, सामाजिक शास्त्र १, खेळ किंवा कला १. शेवटची तासिका कापण्याचा मोह होईल. कापू नका. महिनोन्‌महिने घरात कोंडलेलं मूल सलग सहा तासिका नुसतं ऐकत बसू शकत नाही.

मुलं आपल्या खोलीत बसून राहतील, शिक्षक फिरतील. खालच्या इयत्तांत तर एका गटाला शक्यतो एकच शिक्षक द्या. बाजूच्या गटाची हजेरी घ्यायला ‘जरा’ जाणारा शिक्षकच दोन गट जोडतो.

३. पाठ दोन जागी वाटणं

सगळ्या व्यवस्थेचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे वेळ घ्या.

वर्गात ठेवायचं ते: जिथे मूल पहिल्यांदाच एखाद्या संकल्पनेला भिडतं आणि हमखास चुकतं ते, प्रयोग, मोठ्याने वाचन, अक्षर वळवणं, चर्चा. घरी द्यायचं ते: वर्गात झालेल्याचा सराव, आठवून लिहिणं, धडा वाचून येणं, निरीक्षण, पाठांतर. पुस्तकातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत उतरवणं वर्गात पूर्ण बंद करा. ते छापून द्या.

उदाहरणार्थ, असमान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज घ्या. वर्गातल्या पहिल्या तासिकेत सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घेऊन एकीचे दोन आणि दुसरीचे तीन भाग करा. दोन्ही तुकडे एका मापात मोजता येत नाहीत, हे मुलाच्या हाताला कळू द्या. मग सहा भागांची पट्टी काढा. दुसऱ्या दिवशी रीत. घरी सहा उदाहरणं: चार सोडवायची, दोन आधीच चुकीची सोडवलेली, त्यांत चूक शोधायची. एकात १/२ + १/३ = २/५ हे उत्तर मुद्दाम ठेवा, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची चूक जवळपास प्रत्येक वर्गात सापडते. पुढच्या वेळी गट आला की तासिकेची सुरुवात याच चुकीने करा: एकटा अर्धाच २/५ पेक्षा मोठा आहे, मग अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर कमी कसं होईल?

आता सगळ्यांत जास्त गोंधळ घालणारा सापळा. सोमवारी अ गट वर्गात आहे, ब गट घरी आहे. शिक्षक दोघांना त्या दिवसाचा एकच धडा देतात. अ गट तो समजून घेऊन करतो, ब गट न शिकवताच करायला बसतो, आणि गुरुवारी वर्गात आल्यावर त्याला तोच धडा दुसऱ्यांदा मिळतो. उपाय असा: घरचं काम नेहमी त्या गटाच्या मागच्या वर्गभेटीतून निघायला हवं. म्हणजे सोमवारी ब गटाच्या हातात मागच्या गुरुवार-शुक्रवारचा सराव असेल. ब गट तीन दिवस मागे दिसेल. दिसू द्या, त्यांना एका रेषेत आणायच्या मागे लागू नका. घटक चाचणी मात्र दोन्ही गटांचं चक्र पूर्ण झाल्यावरच ठेवा.

नियोजनाच्या वहीत प्रत्येक पाठासाठी तीनच ओळी लिहा: वर्गात काय, घरी काय, परत आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय विचारणार. तिसरी ओळ सुचत नसेल तर घरचं काम नुसतं मुलाला गुंतवून ठेवण्यापुरतं दिलं गेलंय असं समजा आणि ते बदला.

घरच्या कामाला वेळेची मर्यादा घाला. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तास, तोही पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. नऊ ते बारा वर्षांना दीड ते दोन तास. त्यापुढे तीन तास पुरे. विषयशिक्षकांनी आपापलं काम स्वतंत्रपणे पाठवलं की ही बेरीज कोणीच करत नाही. म्हणून वर्गशिक्षकाच्या हातातून गेल्याशिवाय काहीही घरी जाऊ नये.

४. घरचा संच तयार करणं

दर आठवड्याला प्रत्येक मुलाकडे एकच पान जावं: डावीकडे वार, उजवीकडे काम. रोज ग्रुपवर दहा संदेश पाठवले तर संध्याकाळी फोन हाती आलेलं मूल ते शोधण्यातच थकतं.

सूचना अशी लिहा की ती घरातल्या मोठ्या भावंडालाही वाचून दाखवता येईल. त्यात पाच गोष्टी हव्यात: काय करायचं, किती वेळ, कुठे लिहायचं, कसं दाखवायचं, अडलं तर काय. ‘धडा ४ चा अभ्यास करा’ ही सूचना होत नाही. ‘पान ३२ वरचा पहिला परिच्छेद दोनदा मोठ्याने वाचा. पुस्तक मिटा. आठवतील ती तीन वाक्यं वहीत लिहा. वेळ १५ मिनिटं. वही वर्गात येताना आणा. शब्द अडला तर त्याखाली रेघ मारा आणि पुढे जा’, ही सूचना झाली.

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला होता. त्यात, व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणाऱ्यांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकलेलं दिसलं, आणि ती मोठी माणसं होती. डेटाचा हिशोबही करा. ५०० केबीपीएस वेगाचा व्हिडिओ तासाला सुमारे २२५ एमबी खातो. ३२ केबीपीएसचा आवाज तासाला १४-१५ एमबीच खातो. सहा मिनिटांचा तोच मजकूर व्हिडिओत २२ एमबी आणि आवाजात दीड एमबी होतो. छापील पान समोर आणि शिक्षकाचा आवाज कानात, ही जोडी अनेक पाठांना व्हिडिओपेक्षा चांगली बसते. बोलताना ‘आता आकृतीतल्या बाणावर बोट ठेवा’ असं म्हणत चला.

कागदी संचाबद्दल एक भीती काढून टाकायला हवी. वह्या ७२ तास बाजूला ठेवणं, पानांवर जंतुनाशक फवारणं यांत साथीच्या पहिल्या वर्षात शिक्षकांची प्रचंड मेहनत गेली. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता सहसा दर स्पर्शामागे दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. वह्या घ्या, तपासा, हात धुवा. वाचलेली मेहनत खिडक्यांवर लावा.

५. दोन्ही गटांना एकाच वेळी शिकवावंच लागलं तर

शक्यतो टाळा. समोरच्या मुलांकडे बघावं की पडद्याकडे, यात शिक्षक विभागला जातो आणि दोन्हीकडची मुलं अर्धीच शिकतात. पण वरिष्ठ वर्गांत किंवा एखादं मूल दीर्घकाळ विलगीकरणात असताना हे करावं लागतं. मग पहिलं लक्ष आवाजाकडे द्या. चित्र धूसर असलं तरी मूल टिकतं, आवाज तुटला की उठून जातं.

- माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, कॉलरला लावलेला हवा. लॅपटॉपचा आतला माइक शिक्षक फळ्याकडे वळले की काही ऐकत नाही.
- मास्क आवाजाची वरची पट्टी खातो: साधा वैद्यकीय मास्क ३-४ डेसिबल, एन-९५ सुमारे १२ डेसिबल. स, श, फ, थ ही व्यंजनं याच पट्टीत असतात. म्हणून नवा शब्द नुसता सांगू नका, लिहून दाखवा.
- खोलीत दुसरं उपकरण त्याच तासात जोडलेलं असलं की शिट्टी वाजते किंवा आवाज घुमतो. फक्त माइक बंद करून भागत नाही. दुसऱ्या उपकरणाचा स्पीकरही बंद करा, किंवा त्यावर ऑडिओ जोडूच नका.
- वर्गातल्या मुलाने विचारलेला प्रश्न घरच्यांना ऐकू जात नाही. तो माइकमध्ये पुन्हा म्हणा आणि मगच उत्तर द्या.
- फळ्याचा अर्धाच भाग वापरा, अक्षरं किमान ५ सेंटिमीटर उंच काढा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, खिडकी त्याच्या पाठीमागे.
- घरून आलेले प्रश्न बघायला दर तासिकेला एक विद्यार्थी नेमा. ‘दोन हात वर आहेत’ एवढंच त्याने सांगायचं.

चाळीस मिनिटं सलग एकत्र ठेवू नका. पहिली दहा एकत्र, मग पंचवीस मिनिटं दोन्हीकडे आपापलं लेखी काम, शेवटची पाच पुन्हा एकत्र. मधल्या वेळात आधी घरच्यांच्या शंका, मग वर्गात फेरी.

तासाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यांकडे नाही, फळ्याकडे ठेवा. तासाची लिंक उघड्या ग्रुपवर टाकू नका आणि ॲपमधला प्रतीक्षाकक्ष (वेटिंग रूम) चालू ठेवा.

६. खोलीतली हवा

समोरासमोरच्या दोन भिंतींवरच्या खिडक्या उघडा. एकाच भिंतीच्या चार उघडल्याने तेवढा फरक पडत नाही. थंडीतही खिडक्यांच्या फटी उघड्या ठेवा, आणि मधल्या सुट्टीत पूर्ण उघडा. हवा किती खेळते हे मोजायचं असेल तर श्वासातून साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, मात्र अवरक्त किरणांवर चालणारा. स्वस्त मीटरांपैकी काही इतर वायूंवरून नुसता अंदाज दाखवतात. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास यायला हवा. खोलीत मीटर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि माणसांपासून किमान एक मीटर दूर ठेवा. ८०० च्या खाली असेल तर ठीक. १५०० च्या वर गेला तर मुलांना बाहेर काढून हवा खेळू द्या.

खिडक्या पुरत नसतील तर हवेच्या गाळणयंत्राचा (एअर प्युरिफायरचा) हिशोब सोपा आहे. ८ × ६ × ३ मीटरची खोली म्हणजे १४४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा बदलायची तर ७२० घनमीटर लागतात. तासाला ३६० घनमीटर क्षमतेची दोन यंत्रं घ्या, आणि ती आवाजाला कंटाळून सगळ्यात हळू वेगावर ठेवली जाणार नाहीत हे बघा, कारण डब्यावर छापलेली क्षमता पूर्ण वेगाची असते. हे यंत्र कार्बन डायऑक्साइड काढत नाही, त्यामुळे मीटरचा आकडा तसाच राहील.

७. हजेरी आणि तपासणी

घरच्या दिवसाची हजेरी ऑनलाइन दिसण्यावर मोजू नका. काम पोचलं का, यावर मोजा. फोटो, वही किंवा फोनवर दिलेलं तोंडी उत्तर, तिन्ही चालेल. सलग दोन कामं आली नाहीत तर वर्गशिक्षकाने येत्या बुधवारी फोन करायचा, आणि पहिला प्रश्न ‘का नाही केलं?’ असा नाही, ‘काय अडलं?’ असा विचारायचा.

सगळं तपासायचं ठरवलंत तर महिनाभरात थकाल. ३२ मुलांचे सहा विषयांचे फोटो म्हणजे एका फेरीला १९२ पानं. बरोबर उत्तरांची यादी पुढच्या संचासोबत द्या, सराव मुलं स्वतः तपासतील. तुम्ही प्रत्येक विषयात आठवड्याला एकच ठरलेलं उत्तर नीट वाचा आणि दोन दिवसांत परत सांगा.

८. हाताशी काय हवं

साधनं: मोजपट्टी, कॉलर माइक, तारेने जोडलेलं इंटरनेट, ट्रायपॉड, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, कार्बन डायऑक्साइड मीटर, साबण-पाणी, जादा मास्क, मुलागणिक दोन जाड लिफाफे.

कागदपत्रं: घरांच्या पाहणीची यादी, भावंडांसह गटयादी, गटवार वेळापत्रक, पालकांची संमतिपत्रं, प्रत्येक मुलाचे दोन संपर्क क्रमांक, आणि आजारी पडल्यावर कोणी कोणाला कळवायचं याचं एक पान. शेवटचं पान वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

९. रातोरात बंद होण्याची तालीम

गटात एक जण बाधित निघाला की दुसऱ्या दिवशीपासून सगळा गट घरी जातो. संच त्या रात्री तयार होत नसतात. म्हणून पाच दिवसांचं काम पहिल्याच आठवड्यात बंद लिफाफ्यात घालून प्रत्येक मुलाच्या घरी ठेवा. त्यात नवा धडा घालू नका. कोणत्याही महिन्यात उघडलं तरी चालेल असा उजळणीचा मजकूर घाला: वाचनाचा उतारा, पाढ्यांवरची उदाहरणं, नकाशा, निबंधाचे विषय. लिफाफ्यावर ठळक लिहा: ‘वर्गशिक्षकांचा फोन आल्यावरच उघडा’.

मग एका बुधवारी तालीम घ्या. दुपारी चारला निरोप सोडा आणि रात्री आठपर्यंत किती घरांतून ‘मिळाला’ असं उत्तर येतं ते मोजा. ज्या घरांतून येणार नाही, त्यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकासाठी जवळ राहणारं एक घर लिहून ठेवा, ज्याच्यामार्फत निरोप तोंडी पोचवता येईल. दर महिन्याला ती यादी पुन्हा तपासा, कारण फोन क्रमांक बदलतात आणि माणसं घरंही बदलतात.